व्हीकॅट हे न्यायालय आहे का, आणि तिथे वकील लागतो का?

मेलबर्नमधील भाड्याचे घर सोडल्यावर घरमालक बॉन्ड, म्हणजे अनामत रक्कम, अडवून बसला आहे. अशा वेळी व्हीकॅटकडे जावे का, ते न्यायालयच आहे का आणि वकील करावा लागेल का, असे आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी याच कारणासाठी मी तिथे गेलो होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

व्हीकॅट म्हणजे मेलबर्न ज्यात आहे त्या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे दिवाणी व प्रशासकीय न्यायाधिकरण. अनेक लहान मंडळे व न्यायाधिकरणे एकत्र करून 1 जुलै 1998 रोजी ते सुरू झाले. महाराष्ट्रातील माणसाला न्यायाधिकरण म्हटले की ‘मॅट’, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आठवते. पण मॅटपुढे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवेची प्रकरणे चालतात, तर व्हीकॅटकडे भाडेकरूंचे तंटे, सदोष बांधकाम, ग्राहकांच्या तक्रारी, भेदभाव, असहाय प्रौढांचे पालकत्व असे कितीतरी विषय येतात. ‘प्रशासकीय’ या शब्दाचा अर्थही तिथे ठोस आहे: नगर परिषदेने नियोजन परवाना (प्लॅनिंग परमिट) नाकारला, तर न्यायाधिकरणाचा सदस्य जणू त्या अधिकाऱ्याच्या जागी बसून त्या अर्जाचा नव्याने निर्णय करतो.

वकिलाची सहसा गरज नसते. बहुतेक प्रकरणांत आपण आपली बाजू स्वतःच मांडायची, आणि वकील आणायचा तर बऱ्याचदा परवानगी घ्यावी लागते. पुराव्याच्या नियमांचे बंधन न्यायाधिकरणावर नाही, तरी पुरावा लागतोच. माझ्या प्रकरणात घरमालकाच्या एजंटाने गालिचा खराब झाल्याचा दावा केला होता. सदस्यांनी सर्वप्रथम घर ताब्यात घेतानाचा ‘कंडिशन रिपोर्ट’, म्हणजे घराच्या स्थितीची नोंद, मागितला, आणि पहिल्याच दिवशी कंटाळत भरलेला तो कागद व त्यासोबतची छायाचित्रे यांनीच माझे काम केले. वापराने होणारी साधी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

तथापि तातडीने तिथे धावू नये. बॉन्ड घरमालकाच्या खिशात नसतो, तो सरकारी बॉन्ड प्राधिकरणाकडे जमा असतो. त्याच्या परताव्याचा अर्ज आपण एकट्यानेही करू शकता; घरमालकाने 14 दिवसांत दाद मागितल्याचे दाखवले नाही, तर रक्कम आपल्याला मिळते. शिवाय 2025 पासून भाड्याचे तंटे सामोपचाराने सोडवणारी एक विनामूल्य सरकारी सेवाही सुरू झाली आहे.

आता मूळ प्रश्न: व्हीकॅट हे न्यायालय नाही, आणि हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, जे तिथले सर्वोच्च न्यायालय आहे, 2018 मध्ये असा निर्णय दिला की न्यायालय नसलेले राज्य न्यायाधिकरण दोन वेगवेगळ्या राज्यांतील रहिवाशांमधील तंटा चालवू शकत नाही. आपण मेलबर्नमध्ये आणि घरमालक न्यू साउथ वेल्स राज्यातील सिडनीत राहत असेल, तर प्रकरण मॅजिस्ट्रेट न्यायालयात न्यावे लागते. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी घरमालक सध्या कोणत्या राज्यात राहतो, हे एजंटाकडून लेखी विचारून घ्यावे.