यादवी की परकीय ताब्याविरुद्धचा लढा?

प्रश्न : परदेशी फौज देशात आहे आणि स्थानिक लोकांनी शस्त्रं उचलली आहेत. याला यादवी कधी म्हणायचं आणि ताब्याविरुद्धचा उठाव कधी?

गोळी कोण झाडतंय यापेक्षा त्या जागी हुकूम कोणाचा चालतो, ते आधी पाहा. १९०७च्या हेग नियमावलीतलं ४२वं कलम आजही हीच कसोटी लावतं : शत्रूच्या सैन्याची सत्ता जिथे प्रत्यक्ष प्रस्थापित झाली, तो प्रदेश ताब्यात गेला. तपासायच्या गोष्टी तीन. फौज मूळ सरकारच्या संमतीशिवाय आली का? ते सरकार तिथे कारभार करण्याच्या स्थितीत उरलेलं नाही का? त्याच्याऐवजी परकी फौज कारभार चालवू शकते का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर ताबा. यादवीत मात्र भांडण देशाच्या सत्तेवरून किंवा देशातून फुटून निघण्यावरून असतं, आणि मुख्य बाजू त्याच देशातल्या असतात.

गफलत होते ती सगळ्या युद्धाला एकच नाव देताना. लढणाऱ्यांची प्रत्येक जोडी वेगळी तपासायची, आणि कोणत्या तारखेबद्दल बोलतोय तेही सांगायचं.

प्रश्न : मग २००३नंतर इराकमध्ये काय होतं?

दोन्ही होतं, एकावर एक. मे २००३मध्ये सुरक्षा परिषदेच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने अमेरिका आणि ब्रिटन यांना ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून मान्य केलं. २८ जून २००४ला कारभार इराकच्या हंगामी सरकारकडे गेला आणि ठराव १५४६नुसार फौजा त्या सरकारच्या विनंतीवरून राहिल्या. म्हणजे एखाद्याने अमेरिकी ताफ्याच्या वाटेवर २७ जूनला बॉम्ब पेरला तर तो ताबा घेतलेल्या सत्तेविरुद्धचा हल्ला. त्याच रस्त्यावर २९ला पेरला तर कायद्याच्या नजरेत सरकार आणि त्याच्या परदेशी साथीदारांविरुद्धचं बंड. हा फरक कागदी वाटतो, आणि आक्षेप रास्तच आहे : लाखाहून जास्त परदेशी सैनिक देशात असताना दिलेली संमती कितपत मोकळी?

२२ फेब्रुवारी २००६ला समारातल्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीचा घुमट उडवला गेला. त्यानंतर शिया आणि सुन्नी सशस्त्र गटांमधली कत्तल भडकली. या जोडीत ताबा घेतलेली परकी सत्ता कुणीच नव्हती. त्याच वर्षी पश्चिम इराकच्या अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल-कायदाविरुद्ध अमेरिकेच्या बाजूला आल्या. त्यांतले काही आधी अमेरिकनांवरच गोळ्या झाडत होते.

प्रश्न : परदेशी सैन्य सरकारनेच बोलावलं असेल तर?

तर तो ताबा नाही. १९८७ ते १९९० भारतीय शांतिसेना श्रीलंकेत 'लिट्टे' या तमिळ बंडखोर संघटनेशी लढली. पण ती २९ जुलै १९८७च्या करारानुसार गेली होती. बाहेरची मदत आली म्हणूनही यादवीचं स्वरूप आपोआप बदलत नाही. जर्मनीच्या कोंडोर लीजन या हवाई दलाच्या तुकडीने १९३७मध्ये स्पेनमधलं गेर्निका गाव बेचिराख केलं, तरी स्पेनचं युद्ध यादवीच राहिलं.

निमंत्रण खरं आहे का, हे मात्र बघावंच लागतं. डिसेंबर १९७९मध्ये आपल्याला अफगाण सरकारने बोलावलं असं सोव्हिएत संघ सांगत होता. त्या सरकारचा प्रमुख हाफिजुल्ला अमीन सोव्हिएत तुकड्यांच्याच हल्ल्यात मारला गेला आणि बाब्राक कारमालला गादीवर बसवण्यात आलं. १५ फेब्रुवारी १९८९ला शेवटच्या सोव्हिएत तुकड्या परतल्या. एप्रिल १९९२मध्ये सोव्हिएत पाठिंब्यावर उभं राहिलेलं नजीबुल्लांचं सरकार पडलं आणि मुजाहिदीन गट काबूलसाठी एकमेकांवर तुटून पडले. ती निखळ यादवी.

प्रश्न : पकडल्या गेलेल्या लढवय्याला या भेदाने काय फरक पडतो?

जिवाचा फरक पडू शकतो. परकी सैन्याविरुद्ध लढणाऱ्या आणि युद्धातल्या एका पक्षाशी जोडलेल्या प्रतिकार दलाला तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार (१९४९) युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. त्यासाठी जबाबदार प्रमुख, दुरून ओळखू येणारं ठरावीक चिन्ह, उघडपणे बाळगलेली शस्त्रं आणि युद्धनियमांचं पालन अशा चार अटी आहेत. गनिमी लढाईत दुसरी आणि तिसरीच सहसा मोडते. यादवीत हा दर्जा नाहीच. तिथे चारही जिनिव्हा करारांत असलेल्या कलम ३नुसार छळ, ओलीस धरणं आणि रीतसर न्यायालयाविना शिक्षा यांना मनाई आहे. पण राजद्रोहाचा खटला भरता येतो. अल्जीरियातल्या १९५४-६२च्या लढाईला फ्रान्स अधिकृतपणे 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई' म्हणत राहिला. संसदेने 'युद्ध' हा शब्द मान्य केला तो १९९९मध्ये.

प्रश्न : किती माणसं मेली की यादवी म्हणतात?

कायद्यात आकडा नाही. हिंसा किती तीव्र आहे आणि गट किती संघटित आहे, एवढंच पाहतात. अभ्यासकांच्या मोजणीत वर्षाला लढाईतले २५ मृत्यू म्हणजे सशस्त्र संघर्ष आणि १,००० म्हणजे युद्ध.