लव्हाळ्याचा जीव कशात? तणांबद्दल वाचकांचे प्रश्न

पहिला पाऊस पडून तीन आठवडे झाले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मे महिन्यात जास्वंदीच्या कळ्या का गळतात म्हणून विचारणारी मंडळी जुलैत एवढंच विचारतात: हे उपटायचं तरी किती? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : घरामागे दहा बाय पंधरा फुटांचा वाफा आहे. दर रविवारी दोन तास बसून लव्हाळा उपटते. बुधवारी तो परत हजर, आणि उलट जरा दाटच. घरचे म्हणतात, ‘तू त्याची मशागत करतेस.’ खरंच तसं होतंय का? (पुणे)

उत्तर : घरच्यांना सांगू नका, पण त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात असतो, तसा लव्हाळ्याचा जीव जमिनीखालच्या गाठीत असतो. पात आणि गाठ यांना जोडणारा धागा दोऱ्याइतका बारीक असतो. तुम्ही ओढलंत की तो तुटतो, पात हातात येते आणि गाठ जागच्या जागी राहते. तीन दिवसांत ती नवा कोंब वर पाठवते.

शिवाय गाठ एकटी नसते. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळच असते. टोकाची गाठ जोमात असेपर्यंत मागच्या बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. कुदळीने खणताना माळ तुटली की त्या एकेक करून जाग्या होतात. नीट खणून साफ केलेला वाफा पंधरा दिवसांनी पूर्वीपेक्षा दाट दिसतो, तो यामुळेच.

आधी खात्री करून घ्या. दांडा दोन बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. गवताचा दांडा बहुधा गोल किंवा चपटा लागतो.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही चिकाटीचे. पहिला गाठी काढण्याचा. एप्रिल-मेमध्ये वाफा रिकामा करा, हलकं पाणी देऊन दोन दिवस थांबा आणि गार्डन फोर्कने वीतभर, जमलं तर फूटभर खोल माती उलथा. फावडं नको, ते गाठी आणि माळा कापत जातं. ढेकळं हाताने फोडून माती वाळूच्या चाळणीतून काढा. दीडशे चौरस फूट एका दमात होणार नाही. रोज तीन बाय पाच फुटांचा तुकडा घ्या, दहा दिवसांत संपेल. निघालेल्या गाठी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर आठ-दहा दिवस पसरा. लव्हाळा पुराला दाद देत नाही, पण गाठ खडखडीत वाळली की संपतो. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका, कारण ओल्या मातीत सुटी झालेली प्रत्येक गाठ म्हणजे नवं रोप.

दुसरा उपाय उपाशी ठेवण्याचा. कोंब वर आल्यावर पहिले काही दिवस गाठीतली शिदोरी खर्चतो. पाच-सहा पानं झाली की उलट गाठीत भरायला लागतो आणि मग नव्या गाठीही धरतो. म्हणून तीन-चार पानांवर असतानाच, दर आठ-दहा दिवसांनी, मातीच्या थोडं खाली खुरपं फिरवून कापा. तुमचा रविवारचा नेम मोडू नका. दोन रविवार चुकले की मागची सगळी मेहनत पाण्यात. असे दोन हंगाम तरी धरून चाला. जोडीला रताळ्याचे वेल किंवा चवळी दाट लावा. लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही.

पुठ्ठा किंवा काळं प्लास्टिक अंथरून तो जाईल असं समजू नका. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पातळ प्लास्टिक भोकसून वर येतो. आणि एक गंमत: दिवाळीला उटण्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून पैसे मोजून आणलेला नागरमोथा म्हणजे याच्या किंवा याच्या जवळच्या भाऊबंदाच्या गाठी.

प्रश्न : तण ओढलं की वरचंच तुटतं. पाऊस थांबल्याबरोबर उपटावं की माती सुकल्यावर? (नाशिक)

उत्तर : दोन्ही नाही, वाफशावर उपटा. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा आला. काळ्या मातीत याला उघडीप मिळाल्यावर दोन-तीन दिवस लागतात, कोकणातल्या जांभ्याच्या मातीत कधी दुसऱ्याच दिवशी येतो. चिखलात उपटलं तर तणासोबत शेजारच्या मिरचीची मुळंही हलतात आणि तुडवलेली माती पुढे विटेसारखी घट्ट होते. उपटताना खुरपं तणाच्या बुडाशी तिरकं घाला, माती उचकटा आणि मग बुडाशी धरून ओढा. शेंड्याला धरून ओढणं म्हणजे तणाची छाटणी.

बसायला पाट किंवा बुटकं स्टूल घ्या. उभ्याने वाकून तासभर तण काढलं तर संध्याकाळी कंबर हिशेब मागते.

प्रश्न : दूर्वा हव्यात म्हणून सासूबाई हरळी काढू देत नाहीत. ती आता भेंडीच्या वाफ्यात शिरली आहे. काय करावं? (सांगली)

उत्तर : सासूबाईंना बारा इंची कुंडीत हरळी लावून द्या. गणपतीला २१ दूर्वांच्या जुड्या पुरतील इतकी होते, फक्त कुंडी फरशीवर ठेवा, मातीवर नको. वाफ्यातल्या हरळीचा जीव पेरात आहे: जमिनीवरून धावणारी दोरी पेरापेराला मूळ धरते आणि मातीखालचे पांढरे धुमारेही तसेच. म्हणून खुरप्याने तुकडे करू नका. दोरीचं टोक शोधा आणि हळूहळू ओढत मुळापर्यंत जा. वाफ्याच्या कडेने सहा इंच खोल पत्रा किंवा विटा उभ्या पुरल्या तर बाहेरची हरळी बरीच अडते. वरून येणारी दोरी मात्र महिन्यातून एकदा कापावीच लागते.

प्रश्न : मदतीला आलेल्याने गाजराची आणि कोथिंबिरीची रोपं उपटली आणि गाजर गवत राखलं! चूक कुणाची? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बी फेकून पेरणाऱ्याची. लहानपणी हे तिघे चुलत भाऊ वाटतात. बी नेहमी ओळीत पेरा, दोन ओळींत नऊ इंच अंतर ठेवा आणि ओळीच्या दोन्ही टोकांना काड्या रोवा. ओळीबाहेर उगवलं ते तण, इतका सोपा नियम कुणालाही सांगता येतो. शंका आली तर पान चुरगाळून वास घ्या. कोथिंबीर लगेच कळते, गाजराच्या पानालाही गाजराचाच वास असतो. गाजर गवताचं रोप जमिनीलगत चक्रासारखं पसरतं, पानं राखट हिरवी आणि लवदार असतात.

वास घेण्याचा प्रयोग मात्र ज्यांना त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी करू नये. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण देशभर पसरलं. त्याच्या स्पर्शाने काहींना खाज आणि पुरळ येतं, परागामुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे आणि नाकावर रुमाल बांधूनच हात लावा. पांढरी फुलं येण्याआधी, मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया धरतात, तेव्हा ‘फुलं आल्यावर बघू’ हे परवडणारं नाही. पानांवर पिवळसर पंखांचे, काळ्या नागमोडी रेषांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. गाजर गवत खाण्यासाठीच १९८३-८४ च्या सुमारास मेक्सिकोतून आणलेल्या किड्यांचे ते वंशज.

प्रश्न : चौथ्या मजल्यावरच्या कुंड्यांत आंबुशी, भुईआवळी आणि केना कुठून येतात? (ठाणे)

उत्तर : तुम्हीच वर नेता. न कुजलेलं शेणखत, रोपवाटिकेच्या पिशवीतली माती आणि जुन्या कुंडीतली माती, या तीन वाटा. नवं रोप लावताना पिशवीतल्या मातीचा वरचा अर्धा इंच थर खरवडून टाका. बरंचसं बी तिथेच असतं. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कुजलेलं नाही, अजून दोन-तीन महिने झाकून ठेवा.

आंबुशीच्या शेंगा पिकल्यावर बोट लागताच फुटतात आणि बिया शेजारच्या कुंडीत उडतात. म्हणून पिवळं फूल दिसलं की तेव्हाच काढा. केन्याची लबाडी वेगळी. निळं फूल वर दिसतं, पण मातीखालच्या पांढऱ्या फांद्यांवरही त्याला न उमलणारी फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. वरचा वेल ओढून समाधान मानू नका, बोटाने माती उकरून ते पांढरे दोरे काढा. मग दोन इंच वाळका पाला पसरा, खोडाभोवती मात्र बोटभर जागा मोकळी, नाहीतर बुंधा कुजतो.

प्रश्न : पेव्हरच्या फटींतल्या तणावर मीठ टाकू का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. पावसात मीठ विरघळून तुमच्या कढीपत्त्याच्या मुळाशी जाईल. किटलीने उकळतं पाणी ओता, पायात बूट घालून. कोवळी तणं एकदा ओतल्यावर जळतात, मुरलेली तीन-चारदा. नंतर फटींत बारीक वाळू गच्च भरा.

प्रश्न : उपटलेलं तण खताच्या ढिगात टाकलं तर चालतं का? (रत्नागिरी)

उत्तर : फुलं-बिया नसलेलं खुशाल टाका. बी धरलेलं टाकायचं तर ढीग हात ठेववणार नाही इतका, म्हणजे ५५ ते ६० अंश, काही दिवस तापायला हवा. घरच्या ड्रमात तेवढी धग सहसा येत नाही. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या दोऱ्या ओल्या असताना कधीच टाकू नका. गाठी वर सांगितल्याप्रमाणे खडखडीत वाळवा. दोऱ्या काळ्या बादलीत पाण्यात बुडवून, झाकण लावून महिनाभर सडवा आणि ते पाणी दहापट पातळ करून झाडांना घाला. वास फार येतो, बादली खिडकीखाली ठेवू नका.

घोळ नावाची तणातली भाजी मात्र उपटून वाफ्याच्या कडेला टाकून जाऊ नये. तिच्या मांसल देठात इतकं पाणी असतं की आठवडाभर पडून राहिली तरी मातीला टेकलेल्या पेराला मूळ फुटतं आणि बोंडांतलं बी पिकत राहतं. पण ती कोवळी असेल आणि तुम्ही तिथे औषध मारलेलं नसेल, तर तिच्यासाठी ढीगही नको आणि बादलीही नको. तीन पाण्यांनी धुवा, माती फार असते. बारीक चिरा, लसणाच्या फोडणीवर घाला, मूठभर भिजलेली मूगडाळ टाका आणि वर पाणी घालू नका. तिचं तिला पुरतं.