बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स कॉपी होऊ नये म्हणून काय करू? कुठला डोंगल घ्यावा?

डोंगल, म्हणजे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती यूएसबी किल्ली, कुठलाच घेऊ नका. खरं तर इथेच उत्तर संपतं, पण तुम्ही लिहिलंय की सी शार्पमध्ये दुकानांसाठी बिलिंग केलंय आणि "पार्टनर म्हणतो मदरबोर्डला लॉक करू", ते वाचून राहवलं नाही. असाच एक पार्टनर माझ्याही नशिबी होता.

आम्ही सांगली-मिरज भागात मेडिकल दुकानांना बिलिंग विकायचो. बॅच, एक्सपायरी, कंपनीला रिटर्न, नेहमीचंच सगळं. कोड माझा, गिऱ्हाइकं त्याची. आधी यूएसबी डोंगल होते. काउंटरवरचा पोरगा पेनड्राइव्ह समजून काढून घरी न्यायचा, कुणाचा झाडू मारताना वाकायचा, आणि फोन मला, तोही रविवारी. म्हणजे पैसे भरलेला माणूस बिल निघत नाही म्हणून बोंबलतोय आणि चोरून वापरणाऱ्याचं एमुलेटरवर, म्हणजे डोंगलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, मस्त चाललंय.

मग डोंगलचा खर्च परवडेना, तेव्हा पार्टनरसाहेबांनी काढलं की मदरबोर्डचा सिरीयल नंबर घे आणि त्यावर लायसन्सची की (कोड) बनव. मी म्हटलं, अरे आपली बरीच गिऱ्हाइकं असेंबल्ड पीसीवाली, स्वस्त बोर्डात पुष्कळदा सिरीयल भरलेलाच नसतो, विंडोजला विचारलं तर "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." (कंपनीने भरायचं आहे) एवढंच येतं. "तू फार विचार करतोस," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग काय, तालुक्यातल्या दुकानांना पीसी जोडून देणारा एक जण होता, त्याने एकाची की सहज दुसऱ्या मशीनवर टाकून बघितली. चालली. मग टाकेल तिथे चालली, कारण सगळे बोर्ड एकाच लॉटचे आणि सगळ्यांचा "सिरीयल" तोच! त्याने हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपीच करून ठेवली आणि पीसीबरोबर आमचं सॉफ्टवेअर फुकट द्यायला लागला. मी एकदा एका मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घ्यायला गेलो तर काउंटरवर माझीच स्क्रीन, आणि दुकान आमच्या यादीतच नाही.

मी पहिल्यापासून म्हणत होतो की मशीन सोड, नाव बांध. एक छोटी लायसन्स फाइल करायची, तिच्यात दुकानाचं नाव, पत्ता, ड्रग लायसन्स नंबर, आता जीएसटीआयएन (जीएसटी नंबर). तिच्यावर आरएसए नाहीतर ईडी२५५१९ पद्धतीने डिजिटल सही. सही करणारी प्रायव्हेट की तुमच्याकडे, ईएक्सईमध्ये (प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये) फक्त सही तपासणारी पब्लिक की. आणि बिलावरचं नाव-नंबर त्याच फाइलमधून छापायचं, सेटिंगमध्ये बदलायची सोयच ठेवायची नाही. मग करू दे की कॉपी, दुसऱ्याच्या जीएसटी नंबरचं बिल कोण फाडणार? फॉरमॅट मारला, मदरबोर्ड जळला, नवा पीसी घेतला, खऱ्या गिऱ्हाइकाला फाइल परत टाकली की झालं, तुम्हाला फोन नाही.

क्रॅक होईल का? होईल. सी शार्पचा ईएक्सई डीएनस्पाय नावाच्या टूलमध्ये उघडून कोडमधला एक इफ (अट) उलटा करायला कॉलेजच्या पोराला एक संध्याकाळ पुरते, ऑब्फस्केटर (कोड वाचायला अवघड करणारं टूल) लावलात तर दोन-चार संध्याकाळी. फक्त सही तपासणं एकाच फंक्शनमध्ये ठेवू नका.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती फुकटवाली सगळी दुकानं व्हॅटच्या बिलावर अडकली, एचएसएन (मालाचा कोड) नाही, सीजीएसटी-एसजीएसटी वेगळं नाही, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) निघत नाही. आपणहून फोन आले. अपडेट दिला तो नावाच्या फाइलवर. पार्टनर अजून म्हणतो, "जीएसटीने वाचवलं, तुझ्या फाइलने नाही." अरे बाबा, फाइल नसती तर अपडेटचीसुद्धा इमेज फिरली असती ना! २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली तेव्हाही तेच, फोन खाली ठेवता येत नव्हता आणि सगळे पैसे भरणारे.

आता हे गेम किंवा ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला लागू नाही, तिथे बिलावर नाव छापायचा प्रश्नच नाही, तिथे ऑनलाइन अॅक्टिव्हेशन करा. जीएसटी नसलेलं छोटं दुकान असेल तर नाव आणि मोबाइल नंबर टाका, थोडं ढिलं पडतं. वर्षाचं लायसन्स असेल तर लोक तारीख मागे घेतात, शेवटच्या बिलाच्या तारखेशी ताडून बघा. मुदत संपली तर नवं बिल थांबवा, पण जुना डेटा कधीही लॉक करू नका, ड्रग इन्स्पेक्टर दारात असताना रेकॉर्ड उघडलं नाही तर तो दुकानदार आयुष्यभर शिव्या घालेल. आणि प्रायव्हेट की दोन ठिकाणी जपून ठेवा, हरवली तर आधी दिलेल्या ईएक्सईसाठी नवीन लायसन्स देताच येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी आहे, चोरीची कॉपी जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. पार्टनरला तेव्हा सगळ्या दुकानांना वकिलाची नोटीसच पाठवायची होती. मी अडवलं, म्हटलं तालुक्यात केमिस्ट लोकांचं एक असोसिएशन, एकाला नोटीस गेली की उद्या सगळी दुकानं बंद आपल्याला. त्यातली बरीच दुकानं आज दरवर्षी एएमसी (देखभालीचे पैसे) भरतात, आणि गंमत म्हणजे वसुलीला जातो तो पार्टनरच.