किनोवा धुवायचा की नाही? आमवाताच्या रुग्णाची एक शंका

‘किनोवा या धान्याने अंगातली सूज उतरते असे वाचले, मग सांध्यांच्या गोळ्या हळूहळू बंद करता येतील का?’ आहार समुपदेशनासाठी येणारे अनेक जण हे विचारतात. इंदूरच्या रामबागेतील, पन्नाशी ओलांडलेल्या एका काकूंनीही तेच विचारले (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). गोळ्या त्यांनी अजून सोडल्या नव्हत्या, पण किनोवा न धुता शिजवायला सुरुवात केली होती. बियांच्या वरच्या थरातील सॅपोनिन हे कडू रसायन सूज कमी करते, असे जावयांनी मोबाइलवर वाचून दाखवले होते. धुतले की तेच वाहून जाणार, असा त्यांचा हिशेब होता. ‘कडू लागतो हो, पण औषध कडूच असायचं,’ असे त्या म्हणाल्या. महिनाभर पोट बिघडलेले असल्याचे मात्र मी विचारल्यावरच सांगितले.

जावयांनी वाचलेले खोटे नव्हते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किनोव्यातून वेगळे काढलेले सॅपोनिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींवर वापरले, तेव्हा त्या पेशींतून बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-6 हे दाह (आतली सूज) वाढवणारे रेणू कमी झाले. यातील टीएनएफ हा तोच संदेशवाहक रेणू आहे, जो रोखण्यासाठी आमवाताच्या काही रुग्णांना महागडी इंजेक्शने दिली जातात. त्यामुळे आशा वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु त्या पेशींवर अर्क थेट घातला जातो, तर आपण खाल्लेल्या सॅपोनिनला आधी आतडे ओलांडावे लागते आणि ते रक्तात फारच थोडे शोषले जाते. मागे राहिलेले आतड्याच्या अस्तराला त्रास देऊ शकते. मुळात हे रसायन वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी तयार करते. ते कडू असते आणि पाण्यात फेस आणते. बोलिव्हिया आणि पेरूच्या डोंगराळ भागात, जिथे हे धान्य पूर्वापार पिकते, तिथले लोक ते घासून, धुऊनच खातात. म्हणून मी काकूंना स्पष्ट सांगितले की, पाण्याला फेस येणे थांबेपर्यंत किनोवा चोळून धुवावा.

धुतल्याने सगळे जाते असेही नाही. क्वेरसेटिन आणि केम्फेरॉल यांचे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतील एक प्रकारची संयुगे) दाण्यात बऱ्याच प्रमाणात टिकतात, लाल किनोव्यात बीटालेन ही रंगद्रव्येही असतात, आणि आतड्यातील जिवाणूंना उपयोगी पडणारा तंतुमय भाग तर राहतोच. ही संयुगेही पेशींवरील प्रयोगांत दाहाचे संकेत कमी करतात. मात्र किनोवा खाणाऱ्या माणसांवरचे अभ्यास मोजके व लहान आहेत आणि त्यांत मुख्यतः रक्तातील साखर व चरबी तपासली आहे. आमवाताची गोळी सोडण्यास ते आधार देत नाहीत. या आजारात दुखणे कमी असतानाही सांध्यातील दाह आतून चालू राहू शकतो आणि सांधा एकदा वाकडा झाला की आहाराने सरळ होत नाही. म्हणून गोळ्यांचा निर्णय संधिवाततज्ज्ञांचाच, हे मी त्यांच्या जावयांनाही फोनवर सांगितले.

मग महागडा किनोवा खायचाच कशाला, असे काकूंनी विचारले, आणि तो प्रश्न मला आवडला. किनोवा त्यांना आवडत असल्यामुळे आठवड्यातून दोनदा भाज्या घालून त्याची खिचडी करावी असे ठरले. इतर दिवशी घरचे पोहे, ज्वारी आणि हिवाळ्यात चाकवत, जी किनोव्याच्याच वंशातील पालेभाजी आहे आणि जिच्या पानांतही हेच फ्लेव्होनॉइड असतात. धुतलेला किनोवा सुरू केल्यावर पोट आठवड्याभरात स्थिरावले. पुढच्या भेटीत त्यांचा सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारा आकडा) उतरला होता, पण मधल्या काळात डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट या आमवातावरील औषधाची मात्रा वाढवली असल्यामुळे त्याचे श्रेय मी किनोव्याच्या खात्यावर लिहिले नाही.