पंचवीस सांगितलं की बावन्न लिहितो

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी परभणी जिल्ह्यातली, मुलगा जिल्हा परिषद शाळेत दुसरीला आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण पंचवीस लिही म्हणलं की ५२ लिहितो, सदतीस म्हणलं की ७३. एकोणतीस तर दर वेळी ३९. घरचे म्हणतात ह्याचं लक्षच नाही, परवा ह्यांनी हात पण उचलला त्याच्यावर. डॉक्टरला दाखवायचं का?

उत्तर : ताई, आधी ते हात उचलणं बंद करायला सांगा ह्यांना. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, मग घरी तरी कशाला, आणि तेही लेकरू कान देऊन ऐकत असताना. हो, ऐकतंयच ते. पंचवीस हा शब्द स्वतः सावकाश म्हणून बघा. आधी पंच येतं, मग वीस. त्याच्या कानाला पाच आधी मिळाला म्हणून त्यानं पाच आधी लिहिला. सदतीसमधे सात आधी, म्हणून ७३. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह, इकडं उदगीर-उमरग्याकडं घरात कानडी बोलतात त्यांचं इप्पत्तैदु, देगलूरकडं तेलुगूत इरवै ऐदु, ह्या सगळ्यांत वीस आधी आणि पाच मागून, म्हणजे जसं बोलायचं तसंच लिहायचं. मराठीत बोलायचं एकीकडून आणि लिहायचं दुसरीकडून, आणि हे त्याला कुणी फोड करून सांगितलेलं नसतं.

एकोणतीसचं तर मला फार कौतुक वाटलं, खरंच. एकोण आलं की शेवटी ९ लिहायचा हे त्यानं आपल्या मनानं शोधून काढलंय आणि तीस ऐकू आलं म्हणून ३ लिहिला. अर्धं गणित बरोबर आहे त्याचं. एकोण म्हणजे एक कमी, तीसला एक कमी, एवढंच सांगायचं राहिलंय. तीस काड्या द्या, एक काढून घ्या, उरलेल्या मोजायला लावा, एका दुपारचं काम आहे. पुढं एकोणनव्वदपर्यंत हे चालतं आणि ९९ ला मात्र नव्याण्णव, तिथं परत गडबड होणार, तेव्हा रागवू नका. दोनचंच बघा ना, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एकाच दोनची किती तोंडं! आपण मोठे झालो म्हणून विसरलो की हे आपल्यालाही पाठच करावं लागलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असं वाचन दिलं होतं आणि राज्यभर गदारोळ झाला, मराठी बिघडवली म्हणून. माझं मत विचाराल तर पंचवीस हा शब्द सोडायचा नाही, बाजारात, एसटीत, पारावर सगळीकडं तोच चालतो. पण शिकवताना 'वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस' असं दोन्ही जोडीनं म्हणायला काहीच हरकत नाही, मी वर्गात रोज म्हणून घेते आणि फरक पडतो.

घरी काय करायचं ते सांगते. शेतातून तुराट्या आणा, बोटभर तुकडे मोडा, दहा दहाचे गठ्ठे करून रबर लावा. रबर त्यालाच लावू द्या, गठ्ठा म्हणजे दहा हे हातानं कळतं. मग पंचवीस म्हणायचं आणि त्यानं दोन गठ्ठे डावीकडं आणि पाच सुट्या उजवीकडं ठेवायच्या, लिहायचं नंतर. दुसरं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेची कार्डं कापा. लांब कार्डांवर १०, २०, ३० असं ९० पर्यंत, अर्ध्या लांबीच्या कार्डांवर १ ते ९. वीसच्या कार्डातल्या शून्यावर पाचचं कार्ड ठेवलं की २५ दिसतं, उचललं की खालचं २० दिसतं, लेकरं ह्यात तासभर रमतात. तिसरं, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी देऊन दुकानदुकान खेळा, पंचवीसचा बिस्कीटपुडा. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, काही लेकरं आधी उजवीकडं ५ लिहितात आणि मग डावीकडं जागा सोडलेली असते तिथं २ लिहितात. उत्तर बरोबर येतं. 'असं उलटं लिहीत नसतात' म्हणून खोडू नका, त्यानं स्वतःपुरता तोडगा काढलाय, सवय झाली की आपोआप सुटतो.

डॉक्टरचं म्हणाल तर एवढ्यावरून नको. फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करतो का, वही नाकाला लावतो का ते गुरुजींना विचारा, तसं असेल तर डोळे तपासून घ्या.

प्रश्न : मी धारूर तालुक्यातून लिहितोय. पोरगा आणि सून दरसाल दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. नात पहिलीला आहे. मागच्या साली सोबत नेली, उन्हाळ्यात आली तर शिकलेली अक्षरं पण विसरून आली. औंदा काय करावं? मधेच नाव काढलं तर शाळा परत घेत नाही असं कुणी म्हणलं.

उत्तर : बाबा, ते कुणी सांगितलं ते चूक आहे, मनातून काढून टाका. लेकरू वर्षाच्या मधे कधीही आलं तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, दाखला नाही हे कारणही चालत नाही, आणि वयाप्रमाणं वर्गात बसवायचं असतं. हा तिचा हक्क आहे, उपकार नाही.

तुम्ही घरी असाल आणि तब्येत साथ देत असेल तर नातीला ठेवून घ्या एवढंच मनापासून सांगेन. पहिलीचे हे पाच-सहा महिने म्हणजे अक्षर आणि वाचन जुळायचे महिने असतात, तिथं खंड पडला की तिसरी-चौथीत सुद्धा लेकरू अडखळत वाचतं, मी असे फार पाहिलेत. आईबाप परत येईपर्यंत गावातच लेकरांची सोय व्हावी म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, टोळी निघायच्या आधीच मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, टोळी गेल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. आणि न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवून कारखान्याच्या भागातल्या शाळेत बसवता येतं. पुस्तक आणि पाटी तिच्या पिशवीत टाका. सूनबाईला म्हणावं, तिकडच्या कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, रात्री दहा मिनिटं, त्याहून जास्त नको, थकलेली असते बिचारी. साखरेच्या पोत्यावरचं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचं जे लिहिलेलं दिसेल ते वाचायला लावायचं.

परत आल्यावर ती अक्षरं विसरलेली दिसेल. गुरुजींना विनंती करा की पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका.

प्रश्न : मी तांड्यावरच्या शाळेत नवीन शिक्षक आहे. पहिलीची मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत, मैदानावर मात्र नुसती चिवचिव. काय चुकतंय?

उत्तर : सर, मैदानावर ती गोरमाटी, म्हणजे आपली बंजारा बोली बोलतात आणि वर्गात तुम्ही मराठी. सहा वर्षांच्या लेकराला 'आई' शब्द पुस्तकात पहिल्यांदा भेटतो, घरी ती याडी असते. तुम्ही काही चुकीचं करत नाही आहात, फक्त त्यांचे पन्नासेक शब्द शिकून घ्या, त्यांनाच विचारून. भाकरीचं चित्र दाखवा आणि तुम्ही विचारा, ह्याला तुमच्यात काय म्हणतात? 'बाटी' म्हणून सगळा वर्ग ओरडेल, मग फळ्यावर एका बाजूला बाटी, दुसऱ्या बाजूला भाकरी लिहा. तुम्ही उच्चार चुकलात की ती हसतील, हसू द्या. सरही चुकतात आणि त्यांना कुणी मारत नाही हे दिसलं की बोलायला लागतात. एखाद्या आजीला वर्गात बोलवून गोष्ट सांगायला लावा, गोष्ट गोरमाटीतच होऊ द्या आणि नंतर मुलांनी ती तुम्हाला मराठीत सांगायची. दिवाळीपर्यंत असं करून बघा आणि मला परत लिहा, तुम्ही जमवलेले शब्द पण पाठवा, माझ्या वर्गातही तीन लेकरं तांड्यावरची आहेत.