दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवताना टॅब, ॲप, स्मार्ट टीव्हीचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की पालिकेच्या मराठी शाळेत नुकत्याच लागलात, दुसरीचा वर्ग मिळालाय, निम्म्या मुलांची गाडी जोडाक्षरांवर अडते आणि वर्गात एक स्मार्ट टीव्ही आहे त्याचं काय करायचं. मी मुंबईच्या पूर्व उपनगरात तेरा वर्षं पहिली-दुसरीच घेतेय. उपयोग होतो, पण टीव्हीचा सगळ्यात कमी आणि तुमच्या स्वतःच्या फोनचा सगळ्यात जास्त.

टीव्हीवर आधी सगळे करतात तेच मीही केलं, बडबडगीतं लावली. वर्ग दणाणून गेला, हेडबाई खूश, पण महिन्याभराने लक्षात आलं की पोरं कार्टून बघतात आणि गाणं पाठ म्हणतात, अक्षराकडे कोणी बघतच नाही. आता मी फक्त तीच गाणी लावते ज्यात खाली गाण्याचे शब्द मराठीतच येतात आणि म्हणतील तसे रंगत जातात. ही आयडिया जुनी आहे बरं का, आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये मांडली आणि १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर चित्रगीतांना गुजरातीतच सबटायटल देऊन करून दाखवली. दुसऱ्यांदा लावताना मी आवाज बंद करते आणि पोरांना म्हणायला लावते, तेव्हा कोण वाचतंय नि कोण नुसतं तोंड हलवतंय ते लगेच कळतं.

आता जोडाक्षरं. हे मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं, कीबोर्डने शिकवलं. फोनवर मराठी कीबोर्ड टाका, पण ज्यात मराठी अक्षरं दिसतात तो, इंग्रजीत टाइप करून मराठी येतं तो नको, त्याने काही साध्य होत नाही. आणि मुलाला 'गर्दी' लिहायला सांगा. फळ्यावर बघून लिहिताना रफार सगळ्यात शेवटी जातो, दीच्या डोक्यावर, त्यामुळे वाचताना पोरगं 'गदीर' नाहीतर 'गदी' म्हणतं. कीबोर्डवर मात्र ग, र, पाय मोडायचं बटण, मग द, मग वेलांटी, म्हणजे तोंडाने बोलतो त्याच क्रमाने दाबावं लागतं आणि र टुणकन उडी मारून डोक्यावर जाऊन बसतो. माझ्या वर्गात हे बघून पोरं अक्षरशः हसत सुटली होती. मग 'ट्रेन' घेतली, ट, पाय मोडा, र, मात्रा, न. तोच र, पण यावेळी खाली. रफार कधी वर जातो नि र कधी खाली राहतो हे मी वर्षानुवर्षं नियम सांगून शिकवत होते आणि ते 'गर्दी' नि 'ट्रेन' या दोन शब्दांत झालं, म्हणजे अगदी मुंबईचेच शब्द! पहिली वेलांटी पण तसंच, 'दिवस' लिहिताना हाताने वेलांटी आधी काढतात, कीबोर्डवर द आधी दाबावा लागतो. अर्थात वहीत लिहिणं सोडू नका, मी आधी टाइप आणि लगेच वहीत असं करते.

दुसरी गोष्ट बोलून टाइप करणं. गूगलच्या कीबोर्डवर मराठीत २०१७ पासून आहे. फोन टीव्हीला जोडायचा (रिमोट हरवलेलाच असतो, आमचा दोन वर्षं सापडला नव्हता) आणि एका मुलाने काल घरी काय झालं ते सांगायचं. एकाने सांगितलं, "काल नळाला पाणी आलं नाय म्हणून आई टँकरवर गेली." स्क्रीनवर 'नाय'च्या जागी आलं 'नाही'. तो उठून टीव्हीजवळ गेला आणि म्हणाला, "टीचर, मी नाय बोल्लो, याने नाही का लिहिलं?" म्हणजे जो मुलगा पुस्तकातलं एक वाक्य धड वाचत नव्हता त्याने स्वतःच्या वाक्यातली चूक वाचून पकडली. तो सगळा तास मग बोलायचं वेगळं नि लिहायचं वेगळं यावरच गेला, जाऊ दिला.

ऐकण्याचं गणित तुम्हाला पण छळेल. माझ्याकडे ३८ मुलं, प्रत्येकाचं दोन मिनिटं वाचन ऐकायचं तर ७६ मिनिटं, म्हणजे दोन तासिका संपल्या. आणि निपुण भारतमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या केंद्र सरकारच्या मोहिमेत, दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासकट वाचणं अपेक्षित आहे. म्हणून गूगलचं रीड अलाँग हे ॲप वापरते, मराठी आहे, मूल मोठ्याने वाचतं आणि अडलं की ॲप शब्द सांगतं, गोष्टी आधी डाउनलोड केल्या की नेट लागत नाही. पण वर्गाच्या गोंगाटात ते गोंधळतं, म्हणून एकेकाला जिन्याजवळ बसवते. आणि ज्यांच्या घरी भोजपुरी बोलतात त्यांच्या 'ळ'वर ते ॲप कधी चिडतं कधी सोडून देतं, तिथे मीच लागते. वाचायला गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही साइट बघा, फुकट आहे, गोष्टींना सोप्याकडून अवघडाकडे अशा पायऱ्या लावलेल्या आहेत आणि प्रिंट काढून दोरीवर लटकवता येतात.

बालभारतीच्या पुस्तकातले दीक्षा या सरकारी ॲपचे क्यूआर कोड वर्गात मीच स्कॅन करते, गृहपाठाला देत नाही. आमच्याकडे घरात फोन एक, तो बाबांकडे, बाबा रिक्षावर, रात्री दहाला येतात.

शेवटचं, साधा रेकॉर्डर. जूनमध्ये प्रत्येकाचं एक मिनिट वाचन रेकॉर्ड करा, मग गणपतीला गावाला जायच्या आधी, मग दिवाळीनंतर, तोच उतारा. मुलाला त्याचंच जुनं ऐकवा, बस. ते पालकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. मी एकदा कौतुकाने टाकलं, दुसऱ्या दिवशी एक मुलगी वाचायलाच उठेना, शेजारच्या मुलीचं ऐकून आईने तिला रात्री ओरडलं होतं. तिला परत मोठ्याने वाचायला लावायला मला नाताळ उजाडला.