इंटेल की एएमडी? आधी तिसरा आकडा वाच
लॅपटॉप घ्यायचाय, तर प्रोसेसर इंटेलचा घेऊ की एएमडीचा, एवढंच विचारलंस. बजेट सांगितलंच नाहीस! असो. मी कुणाचाच भक्त नाही. 2017 च्या सुरुवातीपर्यंत इंटेलचे घरगुती डेस्कटॉपचे आय-सेव्हन प्रोसेसर चार कोरवरच (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग) अडून बसले होते. मार्चमध्ये एएमडीचा आठ कोरचा रायझन आला, आणि ऑक्टोबरात इंटेललाही सहा कोर सुचले. दोघं भांडतात तेव्हाच आपलं भलं होतं.

पण एएमडीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. ‘रायझन 5 7520यू’ वाचून नवंकोरं वाटतं ना? त्यातला तिसरा आकडा बघ. 2 म्हणजे झेन 2, एएमडीची 2019 सालची प्रोसेसर-रचना. 7530यू मध्ये झेन 3, 7540यू मध्ये झेन 4. पाटी एकच, माल तीन पिढ्यांचा. दुकानदार हे आपणहून सांगेल, अशी आशा ठेवू नकोस.

आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची चिकटवलेली आहे का, ते विचारच. माझा मागचा लॅपटॉप 8 जीबीवर कायमचा अडकला. शेवटी शेवटी टॅब बदलेपर्यंत चहाचे दोन घोट व्हायचे. 16 जीबी घे, नाहीतर रॅम वाढवायला एक स्लॉट मोकळा असलेला तरी बघ.

बजेट कळव, मग मॉडेलचं बोलू.